बावीस पावलांचा दम

कामरगावहून पूर्वेला दीड कोसावर पुंजाजीचा मळा होता, आणि मळ्यापेक्षा त्याचा गळाच पंचक्रोशीत जास्त नावाजलेला होता. वांगी, मेथी, मिरच्या, कांदे काय, सगळ्याच माळ्यांकडे पिकतात. पण सकाळी पुंजाजीची मोट सुरू झाली की बाजाराला निघालेला गाडीवान कासरा ओढून घटकाभर उभा राहायचा, आणि उशीर झाला म्हणून बाजारात गिऱ्हाइकाच्या शिव्या खायचा.

मोट पाहिलेली माणसं आता कमी होत चालली आहेत, म्हणून थोडं सांगून टाकतो. विहिरीच्या काठापासून खाली उतरत गेलेला मातीचा लांबट उतार असतो, त्याला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली गेले की नाडा, म्हणजे मनगटाएवढा जाड दोर, ताणला जातो. पाण्यानं भरलेली चामड्याची मोट विहिरीतून वर येते आणि थारोळ्याच्या दगडी कुंडात रिकामी होते. तिथून पाणी पाटानं वाफ्यांत जातं. उतरताना मोट हाकणारा नाड्यावर बसून आपलं वजन बैलांच्या मदतीला देतो. इथवर सोपं आहे. मोट पुन्हा विहिरीत सोडायची तर बैलांना तीच धाव उलट्या पावलांनी चढावी लागते, आणि मागे सरकायला बैल हा माणसापेक्षाही नाखूश असतो. त्याला कोणी चाबकानं सरकवतं, कोणी शिव्यांनी. पुंजाजी गाण्यानं सरकवायचा.

गाणं त्यानंच जुळवलेलं होतं. त्यात ना देव होता ना राणी, होती फक्त वांगी.

माघारा ये रे राज्या, माघारा ये,
विहिरीचं पानी तुले बलावते रे,
वांग्याच्या वाफ्याले तहान लागली,
माघारा ये रे राज्या, माघारा ये.

पहिल्या ओळी उतरताना व्हायच्या. शेवटचा 'ये' मात्र बैलांनी मागे पहिलं पाऊल टाकलं की सुरू व्हायचा आणि ते विहिरीच्या काठाशी पोचेपर्यंत तुटायचा नाही. धाव बावीस पावलांची होती. बावीस पावलं एक सूर, एका दमात. चांद्या आणि खैऱ्या हे त्याचे दोन बैल त्या सुराला टेकूनच मागे सरकतात की काय असं वाटायचं, कारण सूर थांबला की तेही थांबत. दिवसाला दोन-अडीचशे मोटा व्हायच्या आणि प्रत्येक मोटेला असा एक अख्खा दम खर्च व्हायचा. पुंजाजीला त्याचं कधी काही वाटलं नाही. दम कुठून येतो हे त्यानं कधी स्वतःला विचारलंही नव्हतं.

एकोणीसशे पंचावन्नच्या कार्तिकात, भर मोटेवर, त्याच्या पोटात कळ उठली. जांघेत वर्षभर एक गाठ होती, ती बोटानं दाबली की आत जायची. त्या दिवशी ती आत जाईना. तो नाड्यावरून उतरला आणि धावेवरच वाकडा होऊन पडला. गोजराबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शेजारच्या मळ्यातली माणसं हाकारून त्याला गाडीत घातलं, कामरगावला नेलं आणि तिथून मिळेल त्या मोटारीनं अकोल्याच्या दवाखान्यात पोचवलं. अंतर्गळ आहे, आतडं अडकलंय, आत्ताच्या आत्ता फाडावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. गोजराबाईनं कागदावर अंगठा उठवला आणि दोन तास वऱ्हांड्यातल्या खांबाला टेकून उभी राहिली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

पुंजाजी वाचला. वीस दिवस खाटेवर पडून राहिला. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की हळूहळू चाला, रोज थोडं वाढवा, तीन महिने वजन उचलू नका आणि दीड महिन्यानं मला दाखवायला या. पुंजाजीनं मान हलवली. त्यातलं 'हळूहळू' तेवढं दवाखान्याच्या फाटकातच राहून गेलं.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो धावेवर गेला. बैल नव्हते, नाडा नव्हता, नुसता रिकामा चालून पाहणार होता. खालून वर निघाला आणि सवयीनं 'ये' लावला. तिसऱ्या पावलाला सूर तुटला. पाचव्या पावलाला छाती भात्यासारखी हलायला लागली आणि तो मातीत खाली बसला. दिवसातून दोन-अडीचशे वेळा हीच धाव चढणारा गडी पाच पावलांत गारद झाला होता. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं, हे त्याला तोंडपाठ होतं, पण म्हणी आपल्याला लागू पडतात असं कोणाला वाटतं? तो भ्याला. खरंखुरं भ्याला.

रात्रभर विचार करून त्यानं सकाळी निदान केलं. आयुष्य मोटेबरोबर गेलेला माणूस दुसरं काय निदान करणार! फाटलेली मोट शिवून आणली की ती शिवणीतून गळते, हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं. डॉक्टरानं त्याला फाडलं होतं आणि शिवलं होतं.

"गोजरे," तो म्हणाला, "माहा दम गळून राह्यला. टाक्यातून."

"दम टाक्यातून गळते काय जी?"

"मंग काय वाटलं तुले? मोट कुठून गळते?"

गळक्या मोटेला जे करतात तेच मग त्यानं स्वतःला केलं. शिवणीवर एरंडेल चोपडलं आणि आपलं नऊ हात पागोटं पोटाभोवती गुंडाळून गोजराबाईला पाय लावून ओढायला सांगितलं. ती बिचारी ओढत होती आणि तो 'आनखी आवळ, आनखी आवळ' म्हणत होता. पागोटं बसलं तेव्हा पुंजाजीची कंबर लग्नातल्या नवरीएवढी झाली होती. त्यानंतर तर पाच पावलांचीही तीन झाली, आणि जसजसा दम कमी पडे तसतसं तो पागोटं जास्त आवळून घेई. गळती मोठी आहे, अशी त्याची खात्री होत चालली होती.

इकडे वांगी माना टाकायला लागली. गोजराबाईचा भाऊ शालिकराम इंझोरीहून चार दिवसांसाठी आला. माणूस कामाचा होता, पण त्याच्या गळ्यात सूर नव्हता आणि हातात चाबूक होता. पहिल्या दिवशी बैलांनी त्याला सहन केलं. दुसऱ्या दिवशी खैऱ्या धावेच्या मध्यावर उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी सरळ खाली बसला. तुझे बैल गाण्याचे शौकीन आहेत, मला शेतकीचेच परवडतात, असं बहिणीला सांगून शालिकराम आपल्या गावी परत गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पुंजाजीला खाटेवर पडल्या पडल्या विहिरीच्या चाकाचा आवाज आला. तो उठून बसला. धावेवर गोजराबाई होती. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, हातात कासरा, आणि बैल तिच्यापुढे चाललेले. बाईनं मोट हाकली तर विहिरीचे झरे आटतात, अशी त्या भागात समजूत होती. पुंजाजीनं तिला हाक मारली, रागावला, झऱ्यांचं सांगितलं. ती म्हणाली की झरे आटले तर पुढच्या वर्षी पाहू, वांगी आज मरून राह्यली. पुंजाजीनं खाट फिरवून तोंड दुसरीकडे केलं.

तोंड फिरवलं तरी कान फिरवता येत नाहीत. ती त्याचंच गाणं म्हणत होती, पण अगदी हळू, लहान लेकराला थोपटताना म्हणतात तसं. शेवटचा 'ये' आठ-नऊ पावलांवर तुटायचा, बैल थांबायचे, मग ती पुन्हा लावायची. एक धाव तीन तुकड्यांत चढायची. तरी बैल सरकत होते. बाईचा दम तो केवढा असणार, असं पुंजाजी मनाशी म्हणाला, आणि त्याला तेवढंच जरा बरं वाटलं. माणूस आजारी असला तरी नवरा असतोच.

रस्त्यावरच्या लोकांना मात्र नवा विषय मिळाला. पुंजाजीची बायको मोट हाकते आणि पुंजाजी पोटाला पागोटं बांधून खाटेवर बसतो, हे कामरगावच्या बाजारात मिरच्यांच्या भावाबरोबर सांगितलं जाऊ लागलं. पुंजाजीच्या कानावर ते यायचंच. मी पुन्हा मोटेवर उभा राहीन की नाही, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात रात्रंदिवस फिरत होता. मोट गेली तर त्याच्यापाशी दुसरं काय होतं? गाणं होतं, तेही मोटेचंच होतं.

पौषात तो अकोल्याला दाखवायला गेला. डॉक्टरांनी त्याला टेबलावर झोपवलं, सदरा वर केला आणि थांबले.

"हे काय बांधलंय?"

"पागोटं हाये, साहेब."

"पोटाला?"

"शिवण गळते म्हनून."

पुंजाजीनं सगळं सांगितलं. मोट, टाके, एरंडेल, पाय लावून आवळणं, सगळं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातानं एक एक वेढा सोडवला. नऊ हात कापड जमिनीवर पडलं. पोटावर दोरखंडासारखे वळ उठले होते, आणि जिची गळती बंद करायला हा सगळा खटाटोप केला ती शिवण केव्हाच मिटून तिथं गुलाबी रेघ उरली होती. श्वास घ्या, डॉक्टर म्हणाले. पुंजाजीनं घेतला. दीड महिन्यात पहिल्यांदाच हवा बेंबीपर्यंत उतरली आणि त्याला एकदम गरगरल्यासारखं झालं. दम कुठूनच गळत नव्हता. आत यायला त्याला जागाच नव्हती.

मग डॉक्टरांनी त्याला उठवून बसवलं, गळ्यातली नळी काढून तिची दोन टोकं पुंजाजीच्या कानात घातली आणि चकती त्याच्याच छातीवर ठेवली. काही माणसांना डोळ्यांनी समजतं, याला कानांनी समजेल, असं त्यांना वाटलं असावं.

पुंजाजीला आधी वाटलं, माडीवर कोणी चालतंय. नंतर कळलं की आवाज दोन आहेत, एक जड, एक हलका, जोडीनं. बैलजोडी धावेवरून उतरते तशी ती पावलं पडत होती आणि थांबत नव्हती. तो टेबलावर तसाच ताठ बसून राहिला. श्वास घ्यायलाही त्याला भीती वाटली, न जाणो पावलं बिचकली तर.

"हे कोन हाये?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमचं काळीज."

"हे झोपते कवा?"

"झोपत नाही. तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हापासून चालू आहे."

"मंग इसावा?"

"दोन ठोक्यांच्या मधे मिळतो तेवढाच."

पुंजाजीनं आपल्या बैलांचा विचार केला. त्यांना दुपारी दोन तास सोडत असत, अमावस्येला जुंपत नसत, पोळ्याला तर त्यांची पूजा व्हायची. आणि हा आतला बैल बेचाळीस वर्षं जुंपलेला होता. धन्यानं त्याला एकदाही पाहिलं नव्हतं, त्याचं नाव घेतलं नव्हतं. गुंगीच्या औषधानं तो स्वतः मेल्यासारखा पडला होता, पोट फाडलेलं होतं, तेव्हाही हा चालतच होता. पुंजाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

डॉक्टरांनी मग त्याला वऱ्हांड्यात चार फेऱ्या मारायला लावल्या आणि पुन्हा नळी लावली. आता आत बैल उधळले होते. ते ऐकून पुंजाजी घाबरला. बसा आणि ऐकत राहा, एवढंच डॉक्टर म्हणाले. तो ऐकत राहिला. पावलं धावत होती, मग भराभर चालू लागली, मग सावकाश. कोणी कासरा ओढला नव्हता, कोणी गाणं म्हटलं नव्हतं. आपली आपणच ती जोडी माघारी आली होती.

डॉक्टरांचा नियम साधा होता. चालताना बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागला की थांबायचं, काळीज खाली येईपर्यंत बसायचं, मग पुन्हा उठायचं. वीस दिवस खाटेवर पडलेल्या माणसाचं काळीज आणि फुप्फुस दोन्ही आळसावतात. त्यांना रोज थोडं जास्त काम द्यायचं, एकदम नाही. पुंजाजी हे ऐकता ऐकता एकदम मान वर करून म्हणाला,

"नवी शिवलेली मोट बी तशीच असते, साहेब. पहिले आठ दिस अर्धंच पानी घ्यायचं. चामडं पानी पेते, फुगते, अन् शिवण आपसूक मिटते. पहिल्याच दिशी भरली तं टाके उसवतात."

"मग हे तुम्हालाच ठाऊक आहे की," डॉक्टर म्हणाले. "मला कशाला विचारता?"

पुंजाजीला ते घरापर्यंत पुरलं. मोटेबद्दलची एक गोष्ट त्यानं स्वतःला लावली होती आणि तिच्या शेजारचीच दुसरी तो विसरला होता. पागोटं त्यानं पुन्हा डोक्याला बांधलं.

दुपारी बैल सुटले की धाव मोकळी असायची. तेव्हा तो जायचा. डोक्यावर ऊन, डावा हात छातीवर, आणि तोंडानं 'ये'. बोलण्यापेक्षा त्याला सूर जास्त भरवशाचा वाटत होता. सूर तुटेल तिथं तो थांबायचा, पायानं मातीत रेघ ओढायचा आणि खाली बसून आतली पावलं मोजायचा. पहिल्या दिवशी रेघ तिसऱ्या पावलावर होती. आठ दिवसांनी पाचव्या. रोज तीन फेऱ्या, मग पाच, मग दहा. रेघा वर सरकत होत्या. एखाद्या दिवशी सर्दीनं म्हणा की झोप नीट न झाल्यानं म्हणा, रेघ खालीही यायची, आणि मग पुंजाजी दिवसभर कोणाशी बोलत नसे.

एकदा नवव्या पावलावर असताना मागे साखळी वाजली म्हणून त्यानं वळून पाहिलं. बाभळीखाली बांधलेला खैऱ्या, तोंडात कडब्याचं धाट तसंच, साखळीला ताण बसेपर्यंत मागे सरकला होता. चांद्याही एक पाय मागे टाकून उभा होता. त्यांनी सूर ओळखला होता. पुंजाजी जवळ गेला, खाली वाकला आणि खैऱ्याच्या पुढच्या डाव्या पायामागे, बरगडीला, कान लावला. आत खूप खोल, खूप सावकाश, विहिरीच्या तळाशी कोणी चालावं तसं काही चालत होतं. म्हणजे यालाही होतं. तो बराच वेळ तसाच राहिला, आणि खैऱ्यानंही त्याला राहू दिलं.

पण शहाणपण काही सलग टिकत नाही. माघात एक दिवस रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून कोणीतरी ओरडलं की पुंजाजी, आज वांगी बायकोच्या हातची की तुझ्या? झालं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! त्यानं गोजराबाईच्या हातातून कासरा घेतला, भरल्या मोटेला नाड्यावर बसला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तीन मोटा काढल्या. चौथ्या मोटेला 'ये' तोंडातून निघालाच नाही. डोळ्यांपुढे अंधार आला आणि बैल खालीच उभे राहिले. गोजराबाईनं त्याला सावलीत आणलं, तोंडावर पाणी मारलं, आणि जाऊन राहिलेलं ओलीत पुरं केलं. पुढचे पाच दिवस रेघ पुन्हा सहाव्या पावलावर होती.

त्यानंतर त्यानं घाई सोडली. खरं सांगायचं तर त्याला आता त्या चढण्यातच गोडी लागली होती. आधी मोट पुन्हा हाती यावी म्हणून तो चालत होता. आता आत काय चाललंय ते ऐकायला चालत होता. कालचं काळीज शंभर ठोक्यांत खाली आलं आणि आज नव्वदात, एवढ्यानंही त्याला देव भेटल्यासारखं व्हायचं. होळी झाली, बाभळीच्या शेंगा गळाल्या, कांदा काढणीला आला. रेघ पंधरा, सतरा, वीस.

चैत्रातल्या एका सकाळी तो उठला, विहिरीवर गेला आणि गोजराबाईला म्हणाला की आज अर्धी मोट सोड. तिनं नाडा थोडा आखूड करून मोट अर्धीच बुडू दिली. तो नाड्यावर बसला नाही, बैलांच्या शेजारून चालत खाली उतरला. पाणी थारोळ्यात पडल्याचा आवाज झाला. त्यानं बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि 'ये' लावला. दहा. पंधरा. अठरा पावलांवर आत बैल जोरात धावू लागले होते, पण सूर धरून होता. बैलांची मागची पावलं काठाच्या दगडाला लागली तेव्हा बावीस झाली होती आणि सूर त्यांच्याबरोबरच संपला, एका दमात.

त्यानं दगडाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. नंतर आणखी एकोणीस मोटा काढून, अजून थोडं अंगात शिल्लक आहे असं वाटत असतानाच, थांबला. बसून मोजलं. ऐंशी ठोक्यांत काळीज खाली आलं.

गोजराबाईनं कासरा घेतला आणि उरलेल्या मोटा सुरू केल्या, भरलेल्या, नाड्यावर बसून, रोजच्यासारख्या. पन्नास झाल्यावर बैलांना पाणी दाखवायला ती थांबली. पुंजाजी उठून तिच्यामागे गेला.

"गोजरे, उभी राहा जराशी. पाठ कर माह्याकडं."

"काहून? काय झालं?"

"राहा म्हनतो ना."

रस्त्यावर कोणी नाही हे तिनं आधी पाहिलं आणि मग पाठ केली. त्यानं तिच्या घामानं भिजलेल्या पाठीला, दोन खांद्यांच्या मधे, कान लावला. आत जोडी दौडत होती, जड, हलकी, जड, हलकी. तो मोजू लागला. पंचवीसवर जोडी चालू लागली. चाळीस पुरे व्हायच्या आत ती अशी शांत, संथ चालत होती की जणू आत्ता झोपून उठली असावी. त्याला ऐंशी लागले होते, आणि तेही अर्ध्या मोटेच्या वीस फेऱ्यांनंतर. बावीस वर्षं तो या बाईच्या शेजारी झोपला होता, तिच्या हातचं जेवला होता. दवाखान्यात दोन तास हे काळीज असंच खांबाला टेकून उभं होतं. चार महिने यानं त्याचा मळा ओढला होता, आणि त्यानं खाट फिरवून घेतली होती. त्याला लाज वाटली आणि लाजेहून कितीतरी मोठं आणखी काही वाटलं, दवाखान्यात नळी कानाला लावली तेव्हा वाटलं होतं तेच.

"काय आयकू येऊन राह्यलं?" तिनं विचारलं.

त्यानं भलतंच विचारलं.

"तुहा 'ये' नवव्या पावलावर काहून तुटते वं?"

गोजराबाई बैलाच्या मानेवरची माती झाडत म्हणाली, "तुटत नाई जी. तोडतो मी. रस्त्यानं गाड्या जातात. बाईमानसाचा आवाज कोन आयकला तं तुमालेच बोलतीन."

पुंजाजी धावेवर उभाच राहिला. मग त्यानं कासरा उचलला आणि तिच्या हातात दिला.

"आता नोको तोडू," तो म्हणाला. "मोठ्यानं म्हन."

कामरगावच्या बाजाराला निघालेल्या दोन गाड्या तेवढ्यात वळणावर आल्या होत्या. तिनं त्याच्याकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं. मग नाड्यावर बसून ती खाली उतरली, मोट रिकामी झाली, आणि तिनं तोंड वर करून 'ये' सोडला. गाडीवानांनी कासरे ओढले. पुंजाजी थारोळ्यापाशी डावा हात छातीवर ठेवून पावलं मोजत होता. नऊ गेलं, पंधरा गेलं. बावीसला बैलांचे खूर दगडाला लागले, मोट खाली पाण्यात बुडल्याचा आवाज आला, बैल उभे राहिले, आणि गोजराबाईचा सूर अजून चालूच होता.